संवाहकाची जाहिरात

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील संवाहक हे पात्र आमच्या नाट्यरसिकांस फारसे आठवत नाही. चारुदत्त, वसंतसेना, शकार, शर्विलक ह्यांच्या गर्दीत ते हरवून जाते. दुसऱ्या अंकात हा गृहस्थ जुगारात दहा सुवर्ण हरतो आणि जुगाराच्या अड्ड्याच्या मालकाचा मार चुकविण्यासाठी वसंतसेनेच्या घरात शिरतो. तिच्या प्रश्नांना उत्तरे देताना तो आपली माहिती सांगतो : जन्म पाटलिपुत्राचा, मुलगा चांगल्या घरचा, उज्जयिनीची कीर्ती ऐकून इकडे आलेला, आणि दुसऱ्याचे अंग चेपून पोट भरणारा. वसंतसेना त्याच्या कलेचे कौतुक करू लागते, तेव्हा तो खाली मान घालून कबूल करितो, की शिकताना ती कला होती, आता तिचा धंदा झाला आहे.

कला शिकणाऱ्यास आपण काय शिकतो हे ठाऊक असते. ती विकणाऱ्यास गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हेही ओळखावे लागते. कापडवाला ठाण उलगडून दाखवितो, भुसारी मूठभर तांदूळ हातावर ठेवितो. संवाहकापाशी दाखविण्यासारखे काहीच नसते. त्याचे भांडवल म्हणजे दोन हात, आणि ते हात कुठवर जातील व कुठे थांबतील ह्याविषयी त्याने दिलेला शब्द. व्यवहार बंद दाराआड व्हावयाचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर वस्त्रे थोडी, आणि दोघे बहुधा एकमेकांस अनोळखी. अशा धंद्यात दारावरची पाटी आणि वर्तमानपत्रातली जाहिरात ह्यांवर फार मोठा भार येऊन पडतो. पाठ धरली म्हणून येणारा आणि भलतेच सुख मनात धरून येणारा, असे दोघेही त्याच पाटीखालून आत शिरतात. पाटीवरच्या एका शब्दाचे दोन अर्थ झाले म्हणजे काय होते, ह्याचा अनुभव लंडन शहराने १८९४ साली घेतला. ती हकीकत सांगावी हा येथे हेतू आहे. परंतु तिच्यासाठी थोडे मागून यावयास हवे.

आमच्याकडे ह्या कामासाठी शब्दांचा तोटा कधीच नव्हता. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई पोराच्या अंगाला तेल लाविते ते अभ्यंग. तालमीत पठ्ठ्याचे अंग रगडितात. सून सासूचे पाय चेपिते. बाळंतिणीचे अंग चोळावयास ठरलेली बाई येते. आणि न्हावी हजामत आटोपल्यावर डोक्याची चंपी करितो. ह्यांतला प्रत्येक शब्द नुसती क्रिया सांगून थांबत नाही. कोण, कोणाचे, कोणत्या प्रसंगी, हेही सांगून टाकितो. ‘रगडणे’ सासूच्या पायांना लागत नाही आणि ‘चेपणे’ पैलवानाच्या पाठीला पुरत नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत उत्सादन, संवाहन आणि केशमर्दन अशी जी एक कला सांगितली आहे, तिच्यावर टीका लिहिताना यशोधराने किती बारकाई केली आहे पाहा : पायांनी तुडविणे ते उत्सादन, हातांनी डोके चोळणे ते केशमर्दन, आणि बाकीच्या अंगाचे मर्दन ते संवाहन. हीच क्रिया आयुर्वेदात उपचार म्हणून येते आणि कामशास्त्रात विलास म्हणून येते. जुन्या ग्रंथकारांना ह्यात संकोच वाटला नाही. स्पर्शात औषध आहे आणि सुखही आहे, हे त्यांनी सरळ मानिले, आणि प्रत्येकाची जागा वेगळी ठेविली.

गावगाड्यात जाहिरातीचे कारण पडत नाही. बाळंतिणीची बाई कोण, हे सगळ्या आळीला ठाऊक असते. जाहिरात लागते ती शहरात, अनोळखी माणसाला. ही कला परमुलखात पाटी लावून विकावयास बसलेला पहिला नामांकित हिंदी मनुष्य पाटण्याचाच निघावा, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटत आला आहे. पाटणा म्हणजे शूद्रकाच्या संवाहकाचे पाटलिपुत्रच.

शेख दीन महंमदाचा जन्म १७५९ सालचा. लहानपणीच तो कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत बेकर नावाच्या अधिकाऱ्याच्या आश्रयास राहिला, आणि पुढे १७८४ साली त्याच्याच बरोबर आयर्लंडात कॉर्क येथे गेला. तेथे त्याने जेन डॅली ह्या आयरिश तरुणीशी लग्न केले. १७९४ साली त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत छापिले. हिंदी मनुष्याने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक होय. १८१० साली लंडनमध्ये त्याने हिंदुस्थानी जेवणाचे ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ काढिले, आणि दोन वर्षांत त्याचे दिवाळे वाजले. तेव्हा पन्नाशी उलटलेला हा उद्योगी मनुष्य समुद्रकाठच्या ब्रायटन गावी गेला आणि त्याने औषधी वाफाऱ्याची स्नानगृहे चालविली. त्यांत जो मर्दनाचा प्रकार होता त्याला तो ‘शॅम्पूइंग’ म्हणे. हा शब्द आमच्या चांपण्या-चंपीचाच इंग्रजी अवतार आहे. केस धुण्याचा अर्थ त्याला पुष्कळ पुढे चिकटला. कॉलेजातली मुले हे ऐकून प्रथम हसतात, आणि मग कोश उघडून खात्री करून घेतात.

दीन महंमदाची रीत मोठी विचार करण्यासारखी होती. रोगी वनस्पतींच्या वाफेत बसे. त्याच्याभोवती फ्लॅनेलचा तंबू असे, आणि त्या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. मर्दन करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांत हात घाली आणि आतल्या माणसाचे अंग चोळी. स्त्रियांचा विभाग वेगळा होता व त्याची देखरेख जेनबाईंकडे होती. म्हणजे, येथे काय होणार आणि काय होणार नाही, हे त्याने शिंप्याकडून शिवून घेतले होते असे म्हणावयास हरकत नाही. स्नानगृहाच्या भिंतींवर बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या टांगलेल्या असत. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम ह्या दोन राजांनी त्याला आपल्या पदरी ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमिले. १८२२ साली त्याने आपल्या उपचारांवर पुस्तक काढिले व त्यात रोग्यांचे अभिप्राय छापिले.

ह्या माणसाविषयी मला आदर वाटतो. तरी त्याच्या जाहिरातीत एक गोष्ट खरी नव्हती, ती सांगितली पाहिजे. आपला जन्म १७४९चा, फौजेत जाण्यापूर्वी आपण कलकत्त्याला वैद्यक शिकलो, असे तो पुढे सांगू लागला. पदरात नसलेली विद्या आयुष्यात बसविण्यासाठी त्याने वयात दहा वर्षांची भर घातली. नुसते हात कुशल आहेत, एवढ्याने ब्रायटनच्या बड्या लोकांचे समाधान होत नसे. हातांमागे सर्जन हवा होता. ही थाप होतीच. परंतु तिने रोग्याच्या अंगाशी होणाऱ्या व्यवहाराला धक्का लागला नाही. तंबूच्या आत जे मिळेल म्हणून सांगितले होते, तेच मिळत असे. जाहिरातीतल्या सगळ्याच खोटेपणाची जात एक नसते. विक्रेत्याच्या योग्यतेविषयीची थाप वेगळी आणि मालाच्या स्वरूपाविषयीचा संदिग्धपणा वेगळा. ह्या दुसऱ्या प्रकाराने किती अनर्थ होतो, ते दीन महंमद १८५१ साली वारल्यानंतर चार दशकांनी दिसून आले.

मधल्या काळात युरोपात मर्दनाला नवी प्रतिष्ठा मिळाली होती. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंगने १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामविद्येची संस्था काढिली. आम्स्टरडॅमच्या मेत्सगर ह्या डॉक्टराने पुढे मर्दनाला वैद्यकाच्या पंक्तीस बसविले. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉक्टर वेअर मिचेल ह्यांनी थकल्या-भागल्या, मज्जातंतूंच्या विकाराने पिडलेल्या रोग्यांसाठी विश्रांतीची चिकित्सा सुरू केली : अंथरुणावर पडून राहावयाचे, दूध भरपूर प्यावयाचे, आणि अंग हलले पाहिजे म्हणून दुसऱ्याने चोळावयाचे. ही चिकित्सा १८८०नंतर लंडनमध्ये फार बोकाळली. श्रीमंत घरच्या बायकांना महिनामहिना रोज चोळणारी बाई लागू लागली. परिचारिकांना हा नवा रोजगार मिळाला. त्याबरोबर थोड्या आठवड्यांत विद्या शिकवून प्रमाणपत्र देणारे वर्ग निघाले, आणि ‘मसाज’ हा फ्रेंच शब्द लंडनच्या पाट्यांवर झळकू लागला.

त्याच सुमारास एक कायदा झाला. १८८५ साली डब्ल्यू. टी. स्टेड ह्या संपादकाने ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये लंडनमधील कोवळ्या मुलींच्या विक्रयाविषयी लेखमाला लिहून देश हालविला, आणि पार्लमेंटने घाईने कायदा पुरा केला. मुलींच्या संमतीचे वय तेरावरून सोळावर गेले आणि कुंटणखाना चालविणाऱ्यांवर खटले भरणे सोपे झाले. कायद्याचा हेतू उत्तम होता. परंतु गिऱ्हाइकाची वासना काही पार्लमेंटच्या ठरावाने नाहीशी होत नाही. जुनी पाटी लाविता येईना, तेव्हा धंद्याने नवी पाटी शोधिली. वैद्यकाचा मान असलेला, परक्या भाषेतला, ज्याचा नेमका अर्थ सामान्य वाचकास ठाऊक नाही, असा एक शब्द आयताच तयार होता.

१८९४च्या उन्हाळ्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ह्या प्रकाराला तोंड फोडिले. त्याचे संपादक अर्नेस्ट हार्ट हे कडक लेखणीचे गृहस्थ. लंडनच्या चांगल्या वस्तीत मसाजची म्हणून चालणारी काही घरे वस्तुतः दुसऱ्याच व्यवसायाची आहेत, आणि त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांच्या रकान्यांत उजळ माथ्याने छापल्या जातात, असा त्यांचा आरोप होता. ह्याहून गंभीर दुसरा भाग होता. गरीब व अननुभवी मुलींना चांगल्या पगाराच्या आशेने शिकण्यास बोलवावयाचे, शिक्षणाची फी घ्यावयाची, आणि पुढे पैशाच्या अडचणीत सापडल्यावर त्यांना अशा घरांच्या वाटेस लावावयाचे. म्हणजे जाहिरात दोन तोंडांनी बोलत होती. गिऱ्हाइकाला ती डोळा मारीत होती आणि नोकरी शोधणाऱ्या मुलीपाशी मात्र अगदी सोवळ्याने वागत होती. त्या वर्षी ह्या विषयाचा पुष्कळ गवगवा झाला, आणि त्यात नेहमीप्रमाणे खरे किती व चव किती हे निवडणे कठीण होऊन बसले.

ह्या गडबडीत हाल झाले ते प्रामाणिकपणे अंग चोळून पोट भरणाऱ्या बायकांचे. कल्पना करावी : एखादी परिचारिका, रीतसर शिकलेली, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलेली, पेपरात दोन ओळींची जाहिरात दिलेली. तिच्या दाराशी आता येणारा पुरुष कोणत्या अपेक्षेने येतो, हे तिला कळावयास मार्ग नाही. त्या दोन ओळी तिच्या राहिल्या नव्हत्या. शेजारच्या रकान्यात तेच शब्द वापरणाऱ्याने त्यांचा अर्थ बदलून टाकिला होता. आणि खरोखर गुडघा आखडला म्हणून येणारा रोगीही दार वाजविण्यापूर्वी रस्त्यावर ओळखीचे कोणी नाही ना, हे पाहू लागला.

अशा स्थितीत १८९४ सालीच चार स्त्रियांनी एक मंडळ स्थापिले. लुसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ले व मार्गारेट पामर ही त्यांची नावे. परिचर्येच्या क्षेत्रात वावरलेल्या ह्या बायकांत पॅजेटबाई विशेष कर्तबगार. सुइणींच्या शिक्षणासाठी व त्यांच्या धंद्याला कायद्याची मान्यता मिळावी म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली. शिकलेल्या मर्दनकारिणींचे मंडळ, असे त्या संस्थेचे नाव होते. त्यांनी परीक्षा ठरविली आणि सभासदांसाठी थोडे पण करकरीत नियम केले. डॉक्टरच्या सांगण्यावाचून मर्दन करावयाचे नाही. पुरुषांना सर्वसाधारण मर्दन करावयाचे नाही. डॉक्टरने खास सांगितल्यास निकडीच्या व शुश्रूषेच्या प्रसंगी तेवढा अपवाद. निव्वळ वैद्यकीय पत्रांखेरीज कोठेही जाहिरात द्यावयाची नाही. रोग्यास औषधे विकावयाची नाहीत.

इतिहासाची पुस्तके ह्या नियमांची स्तुती करितात, आणि ती योग्यच आहे. आपल्या धंद्याच्या अब्रूसाठी कमाई सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मला ह्या नियमांत एक किंमत दडलेली दिसते, ती फारशी कोणी मोजीत नाही. ज्या शब्दाचा विटाळ झाला तो शब्द उघड्यावर उच्चारणेच ह्या बायकांनी सोडून दिले. आपण काय करितो व काय करीत नाही, हे गिऱ्हाइकाला स्वतः स्पष्ट सांगण्याऐवजी ते सांगण्याचे काम त्यांनी डॉक्टरांवर सोपविले. त्यांच्या निर्मळपणाची हमी त्यांच्या शब्दात राहिली नाही, पुरुष वैद्याच्या चिठ्ठीत गेली. आणि सार्वजनिक रकाना तर त्यांनी प्रतिपक्षासाठी मोकळा करून दिला! सोसायटीच्या बायका जाहिरात देत नाहीत, तर मग जी देते ती कोण, असे वाचकाने मनात म्हटल्यास त्याला दोष कसा द्यावा? सोसायटीत जाण्याची ऐपत नसलेल्या, डॉक्टरांची ओळख नसलेल्या, पण तितक्याच सरळ अशा किती विधवा व एकट्या बायका ह्या तर्काखाली चिरडल्या असतील, त्यांची नोंद कोणत्याही मंडळाच्या दप्तरात व्हावयाची नव्हती.

जाहिरात म्हणजे छापील मजकूरच असला पाहिजे असे नाही. जपानात अंग चेपण्याचा धंदा तोकुगावांच्या अमदानीपासून मोठ्या प्रमाणात आंधळ्या लोकांकडे होता. रात्री काठी टेकीत, लहानशी शिटी फुंकीत ते गल्लीतून जात. ज्याचे अंग दुखत असेल तो दार उघडून हाक मारी. त्या शिटीला एकच अर्थ होता, आणि चेपणारा आंधळा असल्याने घरच्या बायामाणसांनाही अवघड वाटण्याचे कारण कमी होते. ह्यात आंधळ्यांवर उपकार किती आणि त्यांना दुसरे धंदे बंद असल्याचा जुलूम किती, हा वेगळा प्रश्न आहे. पण जाहिरातीच्या दृष्टीने त्या शिटीइतकी निःसंदिग्ध जाहिरात लंडनच्या एकाही पत्रात छापून आली नसेल.

लंडनकडे परत वळू. मंडळाचा पुरुषांविषयीचा नियम पहिल्या महायुद्धाने खिळखिळा केला. १९१४ साली आल्मेरिक पॅजेट व त्यांच्या पत्नीने पन्नास मर्दनकारिणींचे पथक उभे केले, आणि युद्ध संपेपर्यंत अशा हजारो बायका जखमी शिपायांचे आखडलेले हातपाय चोळीत होत्या. कालपर्यंत ज्या स्पर्शाला चिठ्ठी लागत होती, तो आता देशसेवा ठरला. १९१६ साली राणी मेरी मंडळाची आश्रयदाती झाली आणि १९२० साली राजाची सनद मिळाली. इकडे लंडनच्या कौंटी कौन्सिलने १९१५च्या कायद्याने मसाजच्या घरांना परवाना घेण्याची सक्ती केली. अशा परवान्यांची पद्धत लंडनमध्ये अजूनही आहे. तिचा हल्लीचा कायदा १९९१चा. एवढे सगळे झाल्यावर १९४४ साली मंडळाने आपले नाव बदलून ‘फिजिओथेरपी’चे घेतले. ज्या शब्दाची अब्रू राखण्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी संस्था निघाली, तो शब्द त्यांनी आपल्या पाटीवरून उतरवून ठेविला. नव्या विद्येत विजेचे, व्यायामाचे उपचार आले होते, म्हणून मर्दनापुरते नाव तोकडे पडले, हे खरे. पण तेवढेच कारण असेल, असे मानणे मला जड जाते.

एवढ्यात एक पक्ष बोलावयाचा राहिला. तो म्हणजे औषधाचा आव न आणता, सज्ञान गिऱ्हाइकास सज्ञान मनुष्याने पैसे घेऊन शृंगारिक स्पर्शाचे सुख देणाऱ्यांचा. आमच्या घरांत ह्या विषयावर बोलण्याची चाल नाही, आणि ह्या धंद्याची शिफारस करण्याचा माझा विचार नाही. पण इतिहास लिहिताना डोळे मिटून चालत नाही. १८९४च्या त्या घरांतल्या बायकांना आपण काय देतो हे सरळ सांगता येत नव्हते. सरळ सांगितले की खटल्याची भीती. मग सूचक शब्द वापरावयाचे. सूचक शब्दात सीमा सांगता येत नाही. गिऱ्हाईक आपल्या मनाप्रमाणे अर्थ लावून येतो, आणि आत गेल्यावर ‘मला हे कबूल केले होते’ म्हणून हट्ट धरितो. प्रत्यक्षात कोणी काहीच कबूल केलेले नसते. ह्या भांडणात मुलीने दाद मागावी कोणाकडे? पोलिसांकडे जावे तर ती स्वतःच गुन्हेगार ठरावयाची भीती. सूचक जाहिरातीने घरमालकाचे कायद्यापासून रक्षण होत होते आणि त्याच जाहिरातीने मुलगी गिऱ्हाइकाच्या हाती निराधार सोपविली जात होती.

मृच्छकटिकाच्या आठव्या अंकात संवाहक पुन्हा भेटतो. आता तो बौद्ध भिक्षू झाला आहे. शकाराने गळा दाबून पालापाचोळ्याखाली टाकिलेली वसंतसेना त्याला सापडते. तो पाण्याने तिला सावध करितो. ती उठू पाहते, पण अंगात त्राण नाही. ज्याचे आयुष्य दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्यात गेले, तो ह्या वेळी हात पुढे करीत नाही; जवळच्या झाडाची वेल खाली वाकवितो आणि तिला धरून उठावयास सांगतो. भिक्षूला स्त्रीस्पर्श वर्ज्य, एवढाच ह्याचा शास्त्रार्थ. पण दोघांनाही तेथे काय होणार आणि काय नाही हे त्या वेलीने स्पष्ट केले, जसे ब्रायटनच्या फ्लॅनेलने केले होते. १८९४च्या लंडनच्या घरांत अशी वेल कोणीच वाकविली नव्हती.

न्यूझीलंडने २००३ साली ह्या बाबतीत निराळाच मार्ग धरिला. तेथील पार्लमेंटने वेश्याव्यवसाय गुन्ह्यांच्या यादीतून काढिला आणि तिसऱ्या वाचनाला तो कायदा एका मताच्या फरकाने, ६० विरुद्ध ५९ असा संमत झाला. ह्या कायद्याला समाजाच्या हिताच्या दृष्टीने नावे ठेवणारे तेथेही आहेत. मला त्यातली दोन कलमे लक्षात ठेवण्यासारखी वाटतात. एक असे, की आधी काहीही ठरले असले तरी काम करणाऱ्या व्यक्तीला कोणत्याही क्षणी नकार देता येतो. ठराव केला म्हणून शरीरावर गिऱ्हाइकाचा हक्क उत्पन्न होत नाही. दुसरे जाहिरातीविषयीचे. अशा सेवेची जाहिरात रेडिओवर नाही, दूरचित्रवाणीवर नाही, चित्रपटगृहात नाही. वर्तमानपत्रात ती देता येते, पण फक्त छोट्या जाहिरातींच्या रकान्यांत. आणि तेथे ‘मसाज’ शब्दाच्या आड लपण्याची सक्ती आता कोणावर नाही.